कोरडा धागा

मार्तिग, १२ मे १७६३

प्रिय एस्प्री,

तुझं पत्र मिळालं. अर्धं वाचता आलं, उरलेलं शाईबरोबर वाहून गेलं. पॅरिसात एवढे विद्वान राहतात, त्यातल्या एकालाही धड शाई करता येत नाही का? आमच्या घरात तुझी शाई टिकत नाही, एवढं ध्यानात ठेव.

एल्झेआरला जाऊन पाच महिने झाले. तुला तेव्हा सगळं लिहिलं नव्हतं. शेवटी शेवटी त्याला उचलून घ्यायलाही जागा उरली नव्हती, जिथे हात लावावा तिथे देवीचे फोड. चार वर्षांचं पोर माझ्याकडे हात पसरायचं आणि मी हात मागे घ्यायचे. ते मला अजून दिसतं.

आता आगात एकटीच उरली आहे. ती अकराची झाली. सप्टेंबरात तिला आर्लच्या मठातल्या शाळेत घालायचं ठरलं आहे, आणि तिथे सगळ्या मुली एकाच लांब दालनात झोपतात. तू मला कितीदा सांगितलंस की देवी टोचून घेतल्या की पुन्हा येत नाहीत, आणि मी दर वेळी बघू म्हणाले. आता बघायचं नाही. तू सांगशील ते करते.

आगातचा बाप घरी नाही, त्रोफिम गलबत घेऊन स्मिर्नाला गेला आहे, पुढच्या ईस्टरपर्यंत येत नाही. जाताना म्हणाला, तुझ्या भावाला विचार, मला त्यातलं कळत नाही. सासूबाईंना मात्र सगळं कळतं. मी विषय काढला तेव्हा त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चांगली धडधाकट पोर आहे, तिच्या हातात परक्याचा पू भरणार? आणि त्याला शहाणपण म्हणणार?" मी बोलत होते तोवर त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. वीस सालच्या प्लेगमध्ये त्यांची आई आणि दोन भाऊ एकाच आठवड्यात गेले. तेव्हापासून बाहेरून आलेल्या कशावरच त्यांचा विश्वास नाही. माझ्यावरही नाही, कारण मीही बाहेरूनच आले.

इथला शस्त्रवैद्य बार्नाबे तयार आहे. त्याने हे कधी केलेलं नाही, पण हात हलका आहे. काय हवं ते पाठव.

तुझी ओनोराद


पॅरिस, २२ जून १७६३

प्रिय ताई,

माझी शाई उत्तम आहे, दोष तुमच्या खाडीच्या हवेचा. तरी तुझ्या टोमण्यापायी नवी घेतली.

इथे या महिन्यात काय झालं ते ऐकलं असशील. न्यायसभेने शहरात देवी टोचायला मनाई केली. आधी वैद्यांचं मत घ्यायचं, मग धर्मशास्त्र्यांचं, मग ठरवायचं. तोवर मुलांनी मरायचं थांबावं अशी काहीतरी अपेक्षा असावी. मी चिडून एक पुस्तिका लिहिली आहे. म्हटलंय एवढंच, की राजाला कर बसवता येतो, सैन्य उभं करता येतं, पण ताप कुणाला यावा हे फर्मानाने ठरत नाही. छापायची परवानगी मागितली नाही, कारण मिळणार नव्हती. नाव मात्र घातलं. मित्र म्हणतात, घालू नकोस. पण ज्याच्या मागे माणूस उभा नाही असं औषध कोण घेईल?

आता कामाचं. या पत्रात काचेच्या दोन पट्ट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये कापसाचा एक धागा. एका सुताराच्या मुलाला सौम्य देवी आल्या होत्या, त्याच्या फोडातून तो ओढून घेतला आहे. मुलगा आता अंगणात दगड मारत हिंडतो. बार्नाबेने आगातच्या दंडाला नखाएवढी चीर द्यायची, खोल नको, रक्त दिसलं की पुरे. तीत धागा ठेवून पट्टी बांधायची. आठवड्याने ताप येईल, थोडे फोड येतील आणि जातील. मग ती आयुष्यभर सुटली.

एकच गोष्ट सांभाळा. धागा कोरडा राहिला पाहिजे. त्याला पाणी, धूर, आच किंवा काही आंबट लागलं तर त्यातला जीव जातो आणि मग तो नुसता धागा. तसा धागा दंडात ठेवला तर जखम चिघळेल, तापही येईल, आणि तुम्हाला वाटेल की लागलं. पण ती पहिल्यासारखीच उघडी राहील. हे बार्नाबेला दोनदा वाचून दाखव.

तुझ्या सासूबाईंना, मिसे क्लोदींना, नमस्कार. त्या माझ्यावर रागावल्या आहेत हे मला आवडतं, म्हणजे त्यांचं नातीवर लक्ष आहे.

तुझा एस्प्री


मार्तिग, १८ जुलै १७६३

प्रिय एस्प्री,

झालं. आगात सुटली.

तुझं पत्र आलं तेव्हा दारात सासूबाईच होत्या, त्यामुळे त्याचं सगळं यथासांग झालं. चिमट्यात धरून आधी लसूण घातलेल्या आंबट शिरक्यात बुडवलं, मग रोझमेरीच्या धुरावर धरलं. तुला हे कधी लिहिलं नव्हतं ना? आमच्या गल्लीतल्या सगळ्या जुन्या बायका बाहेरच्या कागदाला असंच न्हाऊ घालतात, प्लेगपासून. गलबतांवरून आलेली पत्रं तर सरकारच बुडवतं. शाईची तक्रार खरं म्हणजे त्यांच्याबद्दल होती, पण तेव्हा त्या समोर बसून मटार सोलत होत्या, नाव कसं लिहू? या वेळी दुसऱ्या पानाचा मधला भाग साफ गेला. खाली मिसे हा शब्द दिसतो, तेव्हा तिथे त्यांचीच मनधरणी केली असशील. बाकी चीर कशी द्यायची वगैरे सगळं वाचता आलं. काचा आतून जरा ओलावल्या होत्या. मी धागा चुलीजवळ ठेवून वाळवला.

आठव्या दिवशी दंड लाल झाला, पू धरला, ताप चढला. गळ्याशी चार-दोन पुटकुळ्याही आल्या. बार्नाबे म्हणाला, लागलं. मी घरामागे जाऊन मनसोक्त रडले. एल्झेआर गेल्यानंतर मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

सासूबाई आगातशी बोलतात, माझ्याशी नाही. पण विहिरीवरच्या बायका आता माझ्याशी फार गोड झाल्या आहेत. पिंपं बांधणाऱ्या सिफ्रेंची बायको तर दोनदा येऊन दंड बघून गेली. तिला आपल्या तिन्ही पोरांना टोचायचं आहे. अजून धागे पाठवशील?

तुझी पुस्तिकाही पाठव, विसरू नकोस.

तुझी ओनोराद


मार्तिग, २० ऑक्टोबर १७६३

प्रिय एस्प्री,

हे पत्र कुठे जाईल ते ठाऊक नाही. तुझ्या घरमालकिणीच्या पत्त्यावरच पाठवते. तिने कळवलं की ऑगस्टात दोन माणसं आली, त्यांच्याजवळ राजाच्या मोहोरेचा कागद होता, आणि तू टोपी घेऊन त्यांच्याबरोबर गेलास. गुन्हा काय ते कुणी सांगितलं नाही. तिने विचारलं तर म्हणाले, कागदावर गुन्हा लिहायचा नसतो, नाव लिहायचं असतं.

मला इतका राग आला आहे की कुणावर काढावा ते सुचत नाही. तुझ्यावरही आला आहे. नाव घातलंस ना?

तुला बरं वाटावं म्हणून एक गोष्ट लिहिते. आर्लच्या मठात देवी शिरल्या आहेत. शहरातले आईबाप गाड्या घेऊन गेले आणि आपापल्या मुली घेऊन आले. मी गेले नाही. मठाच्या मदरना लिहिलं, माझ्या मुलीला माझ्या भावाच्या विद्येचं कवच आहे, तिला राहू द्या, तुमच्या उपयोगी पडेल. आता ती आजारी मुलींना पाणी नेऊन देते. सगळ्या वर्गात ती एकटीच घाबरत नाही. तू तिथे कोंडलेला आहेस, पण तुझं काम इथे हिंडतं-फिरतं आहे.

सासूबाई रोज विचारतात, पोर कधी आणणार? मी म्हणते, गरज नाही.

तुझी ओनोराद


(ठिकाण लिहिण्याची परवानगी नाही), १४ नोव्हेंबर १७६३

प्रिय ताई,

मी जिवंत आहे. महिन्यातून एक पत्र लिहायची मुभा आहे. येणारी-जाणारी सगळी पत्रं किल्लेदार वाचतात, आणि ज्या विषयापायी मी इथे आहे तो विषय माझ्या पत्रात येता कामा नये असा नियम आहे. तुझी जुलैची आणि ऑक्टोबरची, दोन्ही पत्रं मला आज एकदम मिळाली. ती वाचून उभा राहिलो तो अजून बसलेलो नाही. ताई, आगातला

(पुढच्या नऊ ओळींवर काळी शाई फिरवलेली.)

कोरडा

(पुन्हा काळी शाई, पानाच्या तळापर्यंत.)

हे तुला कळलं असेल अशी देवाजवळ प्रार्थना करतो. माझी प्रकृती ठीक आहे.

तुझा एस्प्री


मार्तिग, ६ डिसेंबर १७६३

प्रिय एस्प्री,

तुझं अक्षर पाहून फार आनंद झाला. पत्र उजेडावर धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, पण काळ्या शाईखालचं काही दिसलं नाही. आगातला आणि कोरडा, एवढंच हाती आलं. कोरडा म्हणजे खोकला का? लहानपणी तुला थंडीत व्हायचा तसा? सोबत वाळवलेले अंजीर आणि मध पाठवते. किल्लेदारसाहेबांनी त्यातलं थोडं खाल्लं तरी चालेल, सगळं खाऊ नये.

आगातला तू काय सांगत होतास? आशीर्वाद असेल तर पोहोचला समज. ती मजेत आहे. मठात दोन मुली गेल्या, लहानच होत्या. मदर लिहितात की आगात आता तिच्या मैत्रिणीच्या उशाशी बसून तिला सूप भरवते. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तुझाही. त्यांनी तुझ्या शब्दांवर शाई ओतली, पण तुझी भाची चालतीबोलती आहे, तिच्यावर कुठली शाई ओतणार?

तुझी ओनोराद


(ठिकाण लिहिण्याची परवानगी नाही), २८ डिसेंबर १७६३

आदरणीय भगिनी,

महाराजांच्या कृपेची पूर्ण जाणीव ठेवून, कोणाच्याही दबावाखाली नसताना, मी हे लिहीत आहे. देवी टोचण्यासंबंधी मी जे शिकवलं, छापलं आणि तुला पत्राने कळवलं ते असत्य होतं. टोचण्याने कोणालाही संरक्षण मिळत नाही. मी लोकांची आणि विशेषतः तुझी फसवणूक केली.

आगातला मी पाठवलेल्या धाग्याने काहीही मिळालेलं नाही. तिला आलेला ताप साध्या जखमेचा होता. ती आज एल्झेआरइतकीच उघडी आहे. तिला मठातून घेऊन ये.

मी अहंकाराने आंधळा झालो होतो आणि धर्मशास्त्र्यांच्या विवेकापुढे आता मान तुकवतो. तिला मैत्रिणीजवळ बसू देऊ नकोस. तिचे तिथले कपडे आणू नकोस, जाळून टाक. माझी पुस्तिका कुणाजवळ असेल तर तीही जाळावी. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून मुलांना टोचलं असेल किंवा टोचायचं ठरवलं असेल त्यांची मी क्षमा मागतो. माझ्या पूर्वीच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नकोस. हे पत्र हातात पडेल त्या घटकेला निघ. गाडी मिळाली नाही तर खेचरावर निघ. तिला आण.

महाराजांचा विनम्र प्रजाजन,
एस्प्री रेब्युफा


मार्तिग, १५ जानेवारी १७६४

प्रिय एस्प्री,

तुझं पत्र राजाच्या घोडेस्वाराने आणलं. लाल मेण, मोठी मोहोर, आणि गल्लीभर बघे. सासूबाईंनी त्याच्यादेखतच ते चिमट्यात धरलं आणि शिरक्यात घातलं. त्याचा आ वासलेला तसाच राहिला. पण या पत्रातला एक शब्दही पुसला गेला नाही. सरकारी शाई पक्की असते.

तुझी पत्रं आजवर महिनामहिना रखडत आली, काळी होऊन आली. हे एकच घोड्यावरून आलं. म्हणूनच मी ओळखलं की हे तुझं नाही. हात तुझा असेल. त्यांनी तुला काय केलं, थंडीत ठेवलं, उपाशी ठेवलं, ते मला विचारायचं धैर्य नाही. मला तुझा राग नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी चिडले असते, तुझ्यासाठी नुसतं रडू येतं.

पण मी तुझी थोरली बहीण आहे. त्यांनी तुला वाकवलं, मला वाकवता येणार नाही. हे वाचणाऱ्या साहेबांनीही नीट वाचावं: आगात मठातच राहील. तिला आणलं तर सगळं गाव म्हणेल की ओनोरादचाही विश्वास उडाला. तुझ्या जुलैच्या... नाही, जूनच्या पत्रावर माझा विश्वास आहे आणि राहील.

हे पत्र तुला धीर द्यायला लिहिते आहे. धीर धर.

तुझी ओनोराद


मार्तिग, २ फेब्रुवारी १७६४

एस्प्री, तुला मिसे क्लोदीचा आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही, सांगते आहे मी आणि लिहितो आहे बंदरावरचा कारकून. तो मध्येमध्ये माझं बोलणं नीटस करू बघतो. मी त्याला म्हटलं, मी बोलते तसंच लिही, नाहीतर पैसे नाहीत. ही चिठ्ठी तुझा किल्लेदार वाचतो म्हणे. वाचू दे, त्यालाही चार गोष्टी कळतील.

पोर घरी आहे. मी आणली. तुझी बहीण तुझं ते घोड्यावरचं पत्र वाचून रडली आणि म्हणाली, हे खोटं आहे. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने वाचलं. मी म्हटलं, आणखी एकदा. मग मला कळलं. मारून-मुटकून कबुली घेतलेला माणूस मी बघितला आहे, माझ्या नवऱ्याच्या भावाला मीठ चोरलं म्हणून धरलं होतं. असा माणूस सारखा स्वतःबद्दल बोलतो. मला सोडा, माझं चुकलं, माझ्या बायकोकडे बघा. तू सगळ्या पत्रात स्वतःसाठी काही मागितलं नाहीस. चार ओळी राजाच्या, मग पोरीला आण. पुन्हा चार ओळी राजाच्या, मग पोरीला आण. भाषण त्यांचं होतं, पोरगी तुझी होती.

तुझ्या बहिणीला एवढं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला आधीपासूनच नको होतं. ते खरंच आहे, त्यामुळे वाद घातला नाही. मीठवाल्याच्या गाडीवर बसून क्रोचा माळ ओलांडला. मिस्त्राल वारा सुटला होता, वाटेत माझी शाल गेली. मला लहानपणीच देवी येऊन गेल्या आहेत, त्यामुळे आत जायला मला कसली भीती? आगात तिच्या मैत्रिणीच्या खोलीच्या दाराशी बसली होती. मैत्रीण दीड महिना झिजून सकाळीच गेली होती आणि हिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला उचलून बाहेर आणली, कपडे जाळले, आर्लच्या पुलाखाली तिला शिरक्याने धुतली. ती माझ्यावर ओरडत होती, मी धूत होते.

अजून तरी अंग स्वच्छ आहे. तुझी बहीण माझ्याशी बोलत नाही. तशी ती आधीही बोलत नव्हती.

तू खाऊन-पिऊन राहा.

मिसे क्लोदी (कारकुनाच्या हातचं, फुली माझी)


मार्तिग, १० एप्रिल १७६४

प्रिय एस्प्री,

तुला सोडलं आणि इस्वार गावातच राहायची आज्ञा केली हे पाद्रीसाहेबांकडून कळलं. त्यांना सगळं कळतं, कारण तुझं कबुलीपत्र छापून गावोगावच्या चर्चमध्ये वाचायला पाठवलं होतं. आमच्याकडे ते रविवारी वाचलं. सिफ्रेंची बायको माझ्या पुढच्या बाकावर होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि बाकीचं वाचन होईपर्यंत वळूनच बसली.

आगातला देवी आल्या नाहीत. सासूबाई म्हणतात, शिरक्याने वाचली. मी म्हणते, तुझ्या धाग्याने वाचली. एकाच टेबलावर बसून आम्ही दोघी हे एकमेकींना सांगत नाही, आगातला सांगतो.

पण आता मला कुणाचंच खरं वाटत नाही. मार्चअखेर देवी मार्तिगमध्ये शिरल्या. बेटावरच्या वस्तीत रोज घंटा वाजते. सिफ्रेंचा थोरला गेला. ज्या बायका उन्हाळ्यात माझ्या दाराशी रांग लावून उभ्या होत्या, त्यांचीच मुलं जात आहेत. त्यांनी टोचलं नाही, कारण तू नको म्हणालास. मी बार्नाबेकडे गेले, म्हटलं, जी मुलं अजून बरी आहेत त्यांना इथल्याच कुणा सौम्य देवी आलेल्याची लस टोच. आगातलाही पुन्हा टोच, माझ्या मनात शंका शिरली आहे. तो म्हणाला, "बाई, तुमच्याच भावाने लिहिलंय की हे खोटं आहे. मी कशाच्या आधारावर चाकू लावू?" मी म्हटलं, ते त्याच्याकडून लिहवून घेतलं. त्याने विचारलं, "मग खोटं कुठलं, पहिलं की दुसरं?"

याचं उत्तर माझं नाही. तू दे. त्रोफिम परवा परत आला आहे. तो हे पत्र आपल्या खात्रीच्या माणसाबरोबर पाठवतो आहे, वाटेत कुणी फोडणार नाही. आगात वरच्या खोलीत कोंडून घातली आहे. ती खिडकीतून घंटा ऐकते आणि मला विचारते, आता कोण?

मामाचं कुठलं पत्र खरं, हेही तिनेच विचारलं.

ओनोराद


इस्वार, २६ एप्रिल १७६४

प्रिय ताई,

तुझा माणूस पोहोचला आहे. मी त्याला जेवायला बसवून हे लिहितो आहे.

पहिलं खरं होतं. दुसऱ्यात एकच गोष्ट खरी होती, आगात उघडी आहे. ती अजूनही उघडीच आहे.

तो धागा तुमच्या दारातच मेला. शिरक्याने, धुराने, आणि उरलंसुरलं तुझ्या चुलीच्या आचेने. का मरतो ते मला माहीत नाही, अजून कुणालाच माहीत नाही. पण मी तो तसा मरताना पाहिला आहे, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर नेमकं हेच लिहिलं होतं. तुझी पत्रं मला नोव्हेंबरात मिळाली तेव्हा आगात आजाऱ्यांना पाणी देत होती. मी सगळं लिहिलं, किल्लेदाराने सगळं काळं केलं. मी त्याच्या पाया पडलो. तो वाईट माणूस नाही, त्याला दोन मुली आहेत. तो म्हणाला, देवी टोचण्याबद्दल खरं लिहाल तर कागद या दाराबाहेर जाणार नाही. तुम्ही चुकलात असं लिहा, मी महाराजांचा घोडा देतो. खोटं किती हवंय हे मी विचारलं नाही. त्यांनी मागितलं तेवढं दिलं.

ताई, मला माहीत होतं की ते इतर मुलांच्याही घरी पोहोचेल. मी तेव्हा सिफ्रेंच्या मुलाचा विचार केला नाही. केला असता तरी मी तेच लिहिलं असतं. हे मी तुला सांगतो, त्याच्या आईला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

मिसेंना हे सांग. शिरका त्यांनी मायेने घातला, आणि माझं पत्र कसं वाचायचं हे सगळ्या देशात फक्त त्यांना कळलं. आगात आज आहे ती त्यांच्यामुळे. तुझा त्यांच्याशी अबोला असेल तर तो आजच सोड.

आता बार्नाबेसाठी. हे पान फाडून त्याला दे, त्याने पाद्र्याला दाखवावं, चौकात लावावं, मला काही लपवायचं नाही. मोंपेलियेत शिकलेला वैद्य मी, एस्प्री रेब्युफा, लिहून देतो की देवी टोचल्याने मुलं वाचतात. सगळी नाही. टोचलेल्यांतलंही शंभरात एखाद-दुसरं जातं, आणि हे तुमच्यापासून लपवणारा वैद्य खोटारडा समजावा. न टोचता देवी आल्या तर किती जातात ते तुमच्या गावातली घंटा तुम्हाला सांगते आहे. डिसेंबरात मी सही केलेला कागद खोटा आहे. या विषयावर पुन्हा एक अक्षरही लिहिणार नाही अशी मी सुटताना शपथ घेतली होती, ती मी या कागदावर मोडतो आहे.

बार्नाबेने सौम्य देवी आलेलं मूल निवडावं. त्या फोडातून धागा ओढावा आणि तसाच दंडापर्यंत न्यावा. मध्ये काही लागू देऊ नये. कोरडा, ताई.

एस्प्री रेब्युफा


मार्तिग, २४ जून १७६४

प्रिय एस्प्री,

तुझं पत्र घेऊन त्रोफिमचा माणूस आला तेव्हा दारात सासूबाईच होत्या. शिरक्याचं मडकं पायाशी होतं, चिमटा हातात. माणूस म्हणाला, इस्वारहून. त्यांनी चिमटा खाली ठेवला, ॲप्रनला हात पुसले, पत्र उघड्या हातांनी घेतलं आणि माझ्यापर्यंत छातीशी धरून आणलं. त्यांना शिरक्याबद्दल अजून काही ठाऊक नव्हतं. नंतर मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी खुर्चीत बसून आधी स्वतःचे हात पाहिले. मग म्हणाल्या, "पोराने एवढी मोठी गोष्ट लिहिली आणि मी धुऊन टाकली." मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पान मी फाडलं नाही, अख्खं पत्रच बार्नाबेला दिलं. त्याने वाचलं, सही बघितली, आणि म्हणाला की याने तर स्वतःच्या गळ्यात दोर घालून घेतला. मग हत्यारं काढली. धागा आणायला बेटावर सासूबाई स्वतः गेल्या, म्हणाल्या, मला देवी येऊन गेल्यात, आणि पत्रं नेण्या-आणण्यात माझा हात सगळ्यात वाईट आहे, तेव्हा यापुढे मीच नेणार. दोन काचांमध्ये धागा धरून त्या पूल ओलांडून आल्या. वाटेत पावसाचे चार थेंब पडले तर त्यांनी काचा चोळीत घातल्या.

आगातला नवव्या दिवशी ताप आला, आणि या वेळी फोड असे आले की कुणाला विचारावं लागलं नाही. आता खपल्या पडल्या आहेत. तिच्यामागून गावातली बरीच मुलं टोचली. सिफ्रेंची मधली मुलगी बरी झाली. धाकटा गेला, टोचल्यानेच गेला. त्याच्या आईला तू लिहिलेलं मी आधीच वाचून दाखवलं होतं, एखाद-दुसरं जातं ते.  परवा विहिरीवर तिने माझी घागर उचलून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

तुझं पान बार्नाबेने चौकात लावलं होतं. ते तिसऱ्या दिवशी काढून नेलं. कुणी नेलं ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. त्यानंतर इस्वारला मी दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. तुझ्या घरमालकाने वर लिहिलं होतं की गृहस्थ टोपी घेऊन दोन माणसांबरोबर गेले.

आगात म्हणते, मामाला लिही की मी बरी आहे. सासूबाई म्हणतात, माशाची खारवलेली गाबोळी पाठव, किल्ल्यात ती टिकते. ती बांधून तयार आहे. हे पत्रही तयार आहे. त्यावर तुझं नाव घातलं आहे, आणि त्याखालची जागा मोकळी ठेवली आहे, कारण कुठल्या किल्ल्यात ते आम्हाला कुणी सांगत नाही.

तुझी ताई